भिवंडीच्या मागावरचा रेणू

भिवंडीच्या यंत्रमागांची हकिगत सांगताना दोन तारखा हमखास येतात. पहिली 18 जानेवारी 1982. त्या दिवशी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतल्या सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. दुसरी तारीख जून 1985 ची, केंद्र सरकारच्या नव्या वस्त्रधोरणाची. गिरण्यांची धुराडी थंडावली, तिथले काम भिवंडीच्या मागांकडे वळले, गिरण्यांनी भंगारात काढलेले मागही पुढे यंत्रमागवाल्यांच्या शेडमध्ये येऊन खडखडू लागले. हे सगळे खरे आहे, आणि ज्यांची घरे त्या संपात बसली त्यांच्या दृष्टीने हाच खरा इतिहास आहे. तरी या हकिगतीतून एक प्रश्न निसटतो. माग तोच होता, धोटा तोच होता, मागावर बारा-बारा तास उभा राहणारा माणूसही तोच होता. मग मागावर चढणारे सूत का बदलले? एका पिढीच्या आत कापसाच्या शेजारी आधी रेयॉन आणि मग पॉलिएस्टर येऊन कसे बसले? मजुरी, कर आणि मालकी यांनी काम कुठे जाईल हे ठरवले. पण कापड कशाचे होईल, ते कसे वाळेल, कसे रंगेल आणि टाकून दिल्यावर त्याचे काय होईल, हे धाग्यातल्या रेणूने ठरवले असे माझे म्हणणे आहे. भिवंडीच्या इतिहासात मालक, मजूर आणि सरकार यांच्याबरोबर रेणूलाही एक जागा द्यावी लागते.

हे म्हणणे नीट मांडायचे तर सुरुवात शाळेच्या पुस्तकापासून करावी लागते. भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या गावातले मूल दहावीत ‘कार्बनी संयुगे’ हा धडा वाचते. त्यात सहसंयुज बंधाची ओळख असते. दोन अणू इलेक्ट्रॉनची जोडी आपसांत वाटून घेतात आणि त्या भागीदारीने एकमेकांना धरून राहतात. पुढे गुणधर्म येतात. सहसंयुज संयुगांचे द्रवणांक आणि उत्कलनांक कमी असतात, ती पाण्यात सहसा विरघळत नाहीत, वीज वाहून नेत नाहीत. मूल ते पाठ करते आणि मनात एक समजूत घट्ट होते, की मिठातला आयनिक बंध भक्कम आणि मेणातला सहसंयुज बंध लेचापेचा. ही समजूत चुकीची आहे. मेण वितळते तेव्हा मेणाच्या रेणूतला एकही कार्बन-कार्बन बंध तुटत नाही. सुटतो तो एका रेणूने शेजारच्या रेणूला दिलेला हलकासा आधार. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे साडेतीनशे किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते, तर दोन रेणूंमधला हायड्रोजन बंध वीस-एक किलोज्यूलमध्ये सुटतो. हिऱ्यात शेजारी रेणू असा नसतोच, सगळा हिरा एकाच जातीच्या बंधांनी विणलेला असतो, म्हणून तो इतका कठीण. तेव्हा सहसंयुज पदार्थाबद्दल विचारायचा प्रश्न बंध किती भक्कम हा नसून, तो बंध किती लांबवर गेला आहे आणि त्या साखळ्या एकमेकींशी कशा बसल्या आहेत, हा आहे. कापडाचा सगळा इतिहास या दुसऱ्या प्रश्नात सामावलेला आहे.

त्याचे सर्वांत जवळचे उदाहरण तालुक्यातच आहे. दिघाशीच्या शिवारात पावसाळ्यात भात उभा असतो आणि पलीकडे शहरात मागावर सूत चालते. शेतकरी आणि मागवाला यांना ही दोन वेगळी जगे वाटतात, पण रसायनशास्त्राला ती सख्खी भावंडे दिसतात. तांदळातला स्टार्च ग्लुकोजचे रेणू सहसंयुज बंधांनी एकमेकांना जोडून बनतो आणि कापसातले सेल्युलोजही ग्लुकोजचेच बनते. अणू तेच, बंध त्याच जातीचा, फरक फक्त सांध्याच्या दिशेचा. एका दिशेने सांधा बसला की साखळी मळसूत्रासारखी वळते, पाण्यात फुगते आणि आपल्या पोटात पचते. दुसऱ्या दिशेने बसला की साखळी सरळ ताणलेली राहते, शेजारच्या साखळीला हायड्रोजन बंधांनी चिकटून बसते आणि पाण्यात वर्षभर ठेवली तरी विरघळत नाही. पहिली आपण खातो, दुसरी नेसतो. विणकराने हे नाते पुस्तकाशिवाय ओळखले होते. ताण्याच्या सुताला तो खळ लावत आला, कारण सुताचा आणि खळीचा धर्म एक आहे आणि एक दुसऱ्याला धरून ठेवते. भिवंडीत आज ‘साइझिंग’ म्हणून जे कारखाने चालतात ते याच जुन्या खळीचे मोठे रूप.

1857 च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून विस्थापित झालेली मोमीन विणकरांची कुटुंबे भिवंडीत येऊन स्थिरावली, तेव्हा त्यांच्या हातमागावर हेच कापसाचे सूत होते. पुढे वीज आली, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हातमागाच्या जागी यंत्रमाग बसू लागले, तरी सूत तेच राहिले. कापसाच्या तंतूत सेल्युलोजची एकेक साखळी सुमारे दहा हजार ग्लुकोज घटकांची असते. साखळी इतकी लांब असल्यामुळे पाण्याने हायड्रोजन बंध सैल केले तरी तंतू दगा देत नाही, उलट ओले सूत कोरड्यापेक्षा काहीसे बळकट असते. धोबीघाटावर आपटलेले धोतर वर्षानुवर्षे टिकते त्यामागे ही दहा हजारांची लांबी आहे. आणि त्याच साखळीवर जागोजागी पाण्याला धरणारे गट असल्यामुळे सुती कापड हवेतली ओल घेते. साधारण हवेत त्याच्या कोरड्या वजनाच्या साडेआठ टक्के पाणी त्यात मुरलेले असते. घाम टिपणारे, उन्हात सुखाचे आणि आषाढात चार दिवस न वाळणारे, ही तिन्ही विशेषणे एकाच कारणाची आहेत.

इथे युरोपात जावे लागते, कारण पुढचा टप्पा तिथल्या प्रयोगशाळांत घडला आणि मग कल्याणमार्गे भिवंडीच्या दारात आला. 1892 साली इंग्लंडात क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी लाकडाचा लगदा घेतला. त्यातही सेल्युलोजच, फक्त सूत काढण्याजोगे लांब तंतू नाहीत. त्यांनी तो कॉस्टिक सोड्यात भिजवला आणि त्यावर कार्बन डायसल्फाइडची क्रिया केली. सेल्युलोजच्या साखळीला बाजूने एक नवा सहसंयुज बंध जोडला गेला, शेजारच्या साखळ्यांची पकड सुटली आणि न विरघळणारे सेल्युलोज सोड्याच्या पाण्यात मधासारखे दाट होऊन उतरले. हा द्रव बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या हौदात सोडला की तो उपरा बंध तुटतो, सेल्युलोज पुन्हा सेल्युलोज होते आणि रेशमासारखा चकाकणारा अखंड धागा हातात येतो. यालाच व्हिस्कोज रेयॉन म्हणतात. आपल्या बाजारात ते ‘आर्ट सिल्क’ म्हणून घरोघरी गेले. बंध मुद्दाम जोडायचा आणि काम झाल्यावर मुद्दाम तोडायचा, इतकी सफाई माणसाने साधली, आणि तीही बंध म्हणजे काय हे कळण्याच्या आधी. गिल्बर्ट ल्यूईसने इलेक्ट्रॉनच्या जोडीची कल्पना मांडली ती 1916 मध्ये, लँगम्यूरने तिला नाव दिले 1919 मध्ये. सेल्युलोज ही एकच लांबलचक साखळी आहे हे तर तेव्हा जवळजवळ कोणीच मानत नव्हते. छोटे छोटे रेणू कसल्याशा आकर्षणाने गोळा झालेले असतात, असाच विद्वानांचा कल होता. हेरमान श्टाउडिंगरने 1920 मध्ये उलट सांगितले. साध्या सहसंयुज बंधांनी हजारो घटक एका ओळीत जोडले जातात आणि तो सगळा एकच रेणू असतो, हे त्याचे म्हणणे. त्याला वर्षानुवर्षे विरोध सहन करावा लागला. नोबेल पारितोषिक मिळाले ते 1953 मध्ये.

त्याच सुमारास कल्याणच्या परिसरात हा रेणू टनावारी बनू लागला होता. 1946 मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना मोहोन्याला उभा राहिला आणि 1956 पासून शहाडला सेंच्युरी रेयॉन सुरू झाली. दोन्ही कारखाने उल्हास नदीच्या काठचे, भिवंडीपासून हाकेच्या अंतरावरचे. जागेची ही निवड समजण्यासारखी आहे. व्हिस्कोजला पाणी अफाट लागते, रेल्वे लागते, आणि धागा विणणारे माग जवळ असले तर सोयीचे. गिरणीमालकाला कापसापासून कापड करायचे तर पिंजण, कताई, विणाई असे अनेक विभाग उभे करावे लागत. फिलामेंट धाग्यात कताई हा प्रकारच नाही. धागा छिद्रातून निघतो तोच अखंड, मैलोगणती. म्हणजे कताईचे भांडवल नसलेला, चार मागांचा धनीही बाहेरून धागा आणून कापड काढू शकतो. लहान मागवाल्याला या रेणूने दिलेली ही पहिली सवलत होती, आणि तिची नोंद वस्त्रोद्योगाच्या इतिहासात अगदी ओझरती होते.

पण रेयॉनने किंमतही घेतली. लगद्यापासून हौदापर्यंतच्या प्रवासात सेल्युलोजची साखळी ठिकठिकाणी तुटते. कापसात दहा हजार घटकांची असलेली ती व्हिस्कोजमध्ये तीनेकशेवर येते. कोरड्या धाग्यात हे जाणवत नाही, कारण आखूड साखळ्यांनाही हायड्रोजन बंध धरून असतात. पाणी लागले की ते सैल होतात आणि लांबीचा आधार नसल्यामुळे धाग्याची ताकद निम्म्यावर येते. आर्ट सिल्कची साडी पिळताना फाटते ती विणकराच्या दोषाने नव्हे. दुसरी किंमत अधिक कठोर होती आणि ती कामगाराने मोजली. कार्बन डायसल्फाइड हा लहान रेणूंचा, शाळेतल्या वर्णनात अगदी चपखल बसणारा सहसंयुज पदार्थ आहे. त्यातले कार्बन-गंधक बंध भक्कम आहेत, पण रेणूरेणूंमध्ये ओढ फारशी नाही, म्हणून तो 46 अंश सेल्सिअसलाच उकळतो आणि कोकणातल्या उन्हाळ्यात झाकण उघडे राहिले तर पाहता पाहता हवेत जातो. तो चटकन पेटतो आणि श्वासातून शरीरात गेला तर मज्जातंतूंवर घाला घालतो. युरोपातल्या रबर आणि रेयॉन कामगारांमध्ये त्याने आलेले वेड आणि लकवा डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकापासून नोंदवले आहेत. पुस्तकातली ‘उत्कलनांक कमी’ ही दोन शब्दांची ओळ कारखान्याच्या मजल्यावर जन्ममरणाचा प्रश्न होते, हे शिकवताना सांगितले पाहिजे.

व्हिस्कोज बंधाचे ज्ञान नसताना सापडले, तर मग इतिहासात त्या ज्ञानाला इतके महत्त्व का द्यायचे, असा आक्षेप इथे येऊ शकतो. त्याचे उत्तर पुढच्या धाग्यात आहे. अमेरिकेत ड्यू पाँ कंपनीत 1928 साली आलेला वॉलेस कॅरोदर्स श्टाउडिंगरचे म्हणणे सिद्ध करायला निघाला होता. ज्या क्रिया रसायनशास्त्राला पक्क्या ठाऊक आहेत, त्याच क्रियांनी एकेक घटक जोडत न्यायचा आणि साखळी आपल्या हाताने बांधून दाखवायची, ही त्याची रीत. आम्ल आणि अल्कोहोल यांच्यापासून इस्टर होतो हे जुने ज्ञान. दोन्ही टोकांना आम्ल असलेला रेणू आणि दोन्ही टोकांना अल्कोहोल असलेला रेणू घेतला तर इस्टरची साखळी वाढत जाते. 1930 मध्ये त्याचा सहकारी ज्यूलियन हिल याला दिसले, की अशा साखळ्यांचा वितळलेला गोळा ओढला तर धागा निघतो, आणि तो धागा थंड झाल्यावर पुन्हा ताणला तर कितीतरी पट लांब आणि बळकट होतो, कारण विस्कटलेल्या साखळ्या ताणाच्या दिशेने एका रांगेत येतात. पण हे पहिले पॉलिएस्टर फार कमी उष्णतेला वितळत. इस्त्रीखाली टिकणार नाही असे कापड कोण घेणार? कॅरोदर्स नायलॉनकडे वळला.

जे राहिले ते 1941 मध्ये इंग्लंडातल्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनच्या प्रयोगशाळेत जॉन व्हिनफिल्ड आणि जेम्स डिक्सन यांनी पुरे केले. ही संस्था मँचेस्टरची, छापील सुती कापडाच्या धंद्यातली. ज्या शहराचे नाव पुढे भिवंडीला बिरुद म्हणून चिकटले, त्याच शहराच्या कापड व्यवसायाने कापसाचा प्रतिस्पर्धी जन्माला घातला. व्हिनफिल्डने इस्टरचा बंध बदलला नाही. कॅरोदर्सच्या साखळीत जिथे लवचीक कार्बनची शेपटी होती तिथे त्याने टेरेफ्थॅलिक आम्लातले ताठ बेंझीन वलय बसवले. साखळी मुडपेनाशी झाली, एकीशेजारी एक नेटकी बसू लागली आणि द्रवणांक थेट 260 अंशांच्या आसपास पोचला. माझ्या मुद्द्याचा याहून चांगला पुरावा नाही. तोच सहसंयुज बंध, तशीच साखळी, पण साखळ्या कशा बसतात एवढे बदलले आणि निकामी पदार्थाचे टेरिलीन, म्हणजे आजचे पॉलिएस्टर, झाले. अंदाजाने हौदात हात घालून हे सापडले नसते. बंध कुठे आहे आणि काय धरतो हे कळल्यामुळेच तो बदल सुचला.

महाराष्ट्रात हा धागा साठच्या दशकात आला. ठाण्याला केमिकल्स अँड फायबर्स ऑफ इंडिया ही कंपनी ‘टेरीन’ या नावाने तो काढू लागली. मराठी घरांत ‘टेरिकॉटची पँट’ हा शब्दप्रयोग रुजला तो याच काळात. 1982 मध्ये पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर फिलामेंटचा कारखाना सुरू झाला, वर्षाला दहा हजार टन क्षमतेचा, ड्यू पाँच्या तंत्रावर उभारलेला. म्हणजे ज्या वर्षी मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या त्याच वर्षी मुंबईपासून काही तासांच्या अंतरावर, कताईची गरजच नसलेल्या धाग्याचा एवढा मोठा झरा फुटला. या दोन घटनांत एकीने दुसरी घडवली असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण दोन्ही एकाच वेळी भिवंडीच्या मागवाल्यासमोर आल्या ही वस्तुस्थिती आहे. संपाने त्याला गिऱ्हाईक दिले, आणि या धाग्याने त्याला असे सूत दिले जे कमी तुटते, पीळ देऊन घेतले तर खळीवाचूनही मागावर चालते आणि ओल्या हवेत बुरसत नाही.

अर्थशास्त्र जाणणारा वाचक इथे थांबवील आणि म्हणेल, की हे सगळे कर आणि परवान्यांचे खेळ आहेत. सत्तरच्या दशकात कृत्रिम धाग्यावर जबर अबकारी कर होता, 1985 च्या धोरणाने कुठलाही धागा वापरण्याची मुभा दिली, पुढे कर उतरले आणि पॉलिएस्टर स्वस्त झाले. रेणूचे नाव कशाला? आक्षेप वजनदार आहे आणि त्यातला अर्धा भाग मला मान्य आहे. कर उतरले नसते तर पॉलिएस्टर श्रीमंतांच्याच अंगावर राहिले असते. पण कर जबर होता तेव्हाही मध्यमवर्गीय माणूस पदरमोड करून टेरिलीनचा एक तरी शर्ट शिवत होता, हे विसरता येत नाही. तो कशाची किंमत मोजत होता? पॉलिएस्टरच्या साखळीवर पाण्याला धरणारे मोकळे गट नाहीत, म्हणून सुती कापड जिथे साडेआठ टक्के ओल घेते तिथे ते जेमतेम 0.4 टक्के घेते. रात्री धुतलेला शर्ट सकाळी कोरडा, घडी न मोडलेला. कोकणपट्टीच्या चार महिन्यांच्या पावसात, एका खोलीच्या घरात, बाहेर दोरी बांधायला जागा नसलेल्या कुटुंबाला या 0.4 चे मोल कोणत्याही अर्थमंत्र्याने सांगावे लागत नव्हते. सरकारने किंमत बदलली. मागणी कुठून आली याचे उत्तर मात्र रेणूत आहे.

दुसरा आक्षेप याच्या उलट बाजूचा. रेणू इतका प्रभावी असेल तर इचलकरंजी अजून सुतीच का? तिथे विठ्ठलराव दातार यांनी 1904 साली पहिला यंत्रमाग बसवला आणि ते गाव मुख्यतः कापसावर वाढले. मालेगावची घडणही बरीचशी सुतीच. खुद्द भिवंडीत, आणि शहराला लागून असलेल्या खोणी-शेलारसारख्या गावांतही, सुती ग्रे (कोरे) कापड अजून निघते. हा आक्षेप मला खोडायचा नाही, तो माझ्या म्हणण्याची मर्यादा दाखवतो. यंत्रमाग रेणूमुळे आले नाहीत. ते लहान भांडवल, स्वस्त मजुरी आणि गिरण्यांवर घातलेले निर्बंध यांतून आले, आणि मजुरांच्या वाट्याला जे आले त्याचा दोष कुठल्याही रसायनावर टाकता येणार नाही. रेणूने ठरवले ते इतकेच, की एकदा निवड खुली झाल्यावर कोणते कापड कुठल्या कामाला जिंकेल. भातलावणीला वाकलेल्या माणसाच्या पाठीवर 0.4 टक्के ओल घेणारा शर्ट चिकटतो आणि जाचतो, तिथे सुती कापड हरलेले नाही. गणवेश, पँट, अस्तर, पडदे इथे ते हरले. आणि जिथे दोन्ही गुण हवे होते तिथे 67 भाग पॉलिएस्टर आणि 33 भाग कापूस अशी तडजोड निघाली, तीच टेरिकॉट.

रंगाच्या बाबतीत मात्र कापसाने बाजी मारली, आणि ती कथा कल्याण-माटुंग्याशी जोडलेली असल्यामुळे इथे सांगणे भाग आहे. सुताला रंग देण्याच्या जुन्या पद्धतींत रंगाचा रेणू तंतूवर नुसता टेकलेला किंवा आत अडकवलेला असे, म्हणून झगझगीत रंग धुण्यात उतरत. मुंबई विद्यापीठाने 1933 मध्ये, पुढे माटुंग्याला स्थिरावलेला, रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला तो मुख्यतः या वस्त्ररसायनासाठीच. 1938 मध्ये त्याचे पहिले भारतीय संचालक झाले के. वेंकटरामन. तेही मँचेस्टरला रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकून आलेले. कृत्रिम रंगांच्या रसायनावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1952 मध्ये आला आणि पुढे आठ खंडांपर्यंत वाढला. जगभर तो प्रमाण मानला गेला. 1957 पासून ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते. त्यांच्या विभागातून शिकलेली माणसे रंगांच्या कारखान्यांत गेली, आणि त्या कारखान्यांपैकी काही कल्याणच्याच आसमंतात उभे राहिले. 1956 मध्ये ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने रॅटी आणि स्टीफन यांच्या शोधावर आधारलेले प्रोसियन रंग बाजारात आणले. हे रंग सुतावर टेकत नाहीत. सोड्याच्या पाण्यात ते सेल्युलोजशी सहसंयुज बंध जोडतात आणि रंगाचा रेणू तंतूच्या साखळीचाच भाग होतो. ज्या गटांमुळे कापूस चार दिवस वाळत नाही, त्याच गटांनी रंगाला हात दिला. पॉलिएस्टरकडे असा हात नाही. त्याला रंगवायचे तर दाबाखाली 130 अंशांपर्यंत तापवून, साखळ्या सैल करून, रंग आत शिरवावा लागतो. आपण आज साध्या सुती कुडत्यातही उठावदार, न उतरणारे रंग पाहतो ते 1956 नंतरचे आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

या बंधाची एक बाजू नदीत दिसते. प्रोसियनच्या जातीचा रंग सुताशी जसा बंध जोडतो तसाच पाण्याशीही जोडतो. जो भाग पाण्याशी बांधला गेला तो सुताला पुन्हा लागत नाही, तो मिठासकट गटारात जातो. भिवंडीतून वाहणाऱ्या कामवारी नदीची आजची अवस्था अनेक कारणांनी आली आहे, रंगीत सांडपाणी हे त्यांतले एक आहे. आणि मागाच्या शेडबाहेर पडणाऱ्या चिंध्या. सुती चिंधी मातीत पडली की बुरशी आणि जंतू सेल्युलोजचे सांधे ओळखतात आणि काही महिन्यांत ती खाऊन टाकतात, कारण त्या सांध्याशी त्यांची ओळख कोट्यवधी वर्षांची आहे. टेरेफ्थॅलिक आम्लाचा सांधा 1941 मध्ये जन्मला, त्याला खाणारे मातीत जवळजवळ कोणी नाही. ज्या ताठ, नेटक्या रचनेने शर्टाची घडी मोडू दिली नाही, तीच चिंधीला कुजू देत नाही. यावर बंधच वाईट असे म्हणणे मला पटत नाही. इस्टरचा बंध उष्णता आणि पाणी किंवा अल्कोहोल यांनी उलगडता येतो, पॉलिएस्टर पुन्हा आपल्या मूळ घटकांत आणता येते, आणि असे कारखाने जगात चालू आहेत. खरी अडचण टेरिकॉटची आहे, कारण त्यात दोन जातींच्या साखळ्या एकाच धाग्यात पिळलेल्या असतात आणि त्या वेगळ्या करणे खर्चाचे काम आहे. ज्या तडजोडीने आपल्याला सर्वांत सोयीचे कापड दिले, तिच्याच चिंध्या सर्वांत अवघड ठरल्या आहेत.

मोहोन्याचा रेयॉन कारखाना 2009 मध्ये बंद पडला, शहाडला धागा अजून निघतो, आणि भिवंडीचे माग मंदीचे फेरे सोसत चालू आहेत. दहावीच्या वर्गात मात्र सहसंयुज संयुगांचे गुणधर्म अजून मेण आणि मिथेनवर शिकवले जातात. भिवंडी तालुक्यातल्या, दिघाशीपासून शहरापर्यंतच्या प्रत्येक शिक्षकाला माझी एक विनंती आहे. कापडाचे व्यापारी माल ओळखायला धागा जाळून पाहतात, तेच वर्गात करा. एक सुती धागा आणि एक पॉलिएस्टरचा, दोन्ही चिमट्यात धरून मेणबत्तीजवळ न्या. सुती धागा वितळत नाही, कागदासारखा वास देत जळतो आणि करडी राख ठेवतो. पॉलिएस्टर आधी आकसते, वितळते आणि थंड झाल्यावर काळा, कडक मणी होऊन चिमट्याला चिकटते. मग मुलांना विचारा, दोन्ही सहसंयुज, तर हा फरक कशाने पडला? उत्तर शोधताना त्यांना आपल्या तालुक्याचा इतिहासही शोधावा लागेल.